सूचनापेटी आणि चावडी

शासकीय कार्यालयाच्या दर्शनी भिंतीवर टांगलेली सूचनापेटी आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्यावर ‘सूचना व तक्रारी’ अशी अक्षरे रंगविलेली असतात, तिला कुलूप असते, आणि त्या कुलपाची किल्ली कोणत्या लिपिकाच्या ताब्यात आहे हे बहुधा त्या लिपिकालाही ठाऊक नसते. काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या एका ठिकाणी अशी एक पेटी प्रस्तुत लेखकाच्या समक्ष उघडण्यात आली. उघडण्यात आली म्हणजे कुलूप फोडावे लागले. आत बसची तिकिटे होती, एका विवाहाची निमंत्रणपत्रिका होती, सदऱ्याचे एक सुटलेले बटण होते आणि खऱ्या अर्थाने सूचना म्हणाव्यात असे अकरा कागद होते. काही मराठीत, काही कोंकणीत व त्यांतही काही रोमी लिपीत, दोन इंग्रजीत. अकरांपैकी सात कागदांवर एकच मागणी होती : रविवारी खिडकी उघडी ठेवावी. एकाही कागदावर तारीख नव्हती. शाईचा रंग पाहता त्यांतील काहींनी दोन पावसाळे तरी काढलेले असावेत.

आता पेटीचे रूप पालटले आहे. सेवा संकेतस्थळावर आल्या, मोबाइलवर आल्या आणि प्रत्येकीच्या तळाशी ‘अभिप्राय द्या’ अशी एक कळ आली. नागरिक ती कळ दाबतो, चार ओळी लिहितो, आणि ‘आपला अभिप्राय प्राप्त झाला, धन्यवाद’ हे वाक्य तत्काळ उमटते. जुन्या पेटीचे कुलूप निदान दिसत तरी असे. येथे तेही दिसत नाही. आपण लिहिलेले कोणी वाचले काय, वाचून काय ठरविले, तेच म्हणणे आणखी कोणाचे आहे काय, हे लिहिणाऱ्यास कळण्याची सोय बहुतेक ठिकाणी नसते. एखाद्या सेवेचा वापर करणाऱ्यांकडून त्या सेवेविषयीची मते आणि नव्या सोयींच्या मागण्या कशा गोळा कराव्यात, व गोळा झाल्यावर त्यांचे काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. निरनिराळ्या खात्यांतील जे सहकारी एखादी सेवा नव्याने संगणकावर आणीत आहेत, किंवा आणून पस्तावत आहेत, त्यांस तो उपयोगी पडावा अशी अपेक्षा आहे.

प्रथम तक्रार आणि सूचना यांमधील भेद ध्यानी घेतला पाहिजे. आपल्या फलकांवर हे दोन शब्द शेजारी शेजारी असतात, म्हणून ते सख्खे भाऊ असावेत असा समज होतो. वस्तुतः त्यांची जात वेगळी. जे देण्याचे शासनाने कबूल केले आहे ते मिळाले नाही की तक्रार होते. ती एका व्यक्तीची असते. तिच्यात अर्जाचा क्रमांक असतो, घरातील आजारपण असते, कधी भाऊबंदकीही असते. ती चारचौघांत मांडावयास लावणे अन्यायाचे होईल. सूचना ही, जे कोणी अद्याप कबूल केलेलेच नाही त्याविषयी असते. मांडणारा एकटा असला तरी ती अंमलात आली तर तिचे बरेवाईट परिणाम सर्वांना भोगावे लागतात. केंद्र शासनाच्या सीपीग्राम्स या तक्रार निवारण यंत्रणेत हा भेद स्पष्टपणे पाळलेला आढळतो. ऑगस्ट २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तेथे तक्रारीचा निपटारा सर्वसाधारणपणे २१ दिवसांत व्हावयाचा असतो. मात्र ज्या विषयांची दखल तक्रार म्हणून घेतली जात नाही त्यांच्या यादीत, न्यायप्रविष्ट बाबी आणि माहिती अधिकाराची प्रकरणे यांच्या जोडीला, ‘सूचना’ हाही विषय आहे. प्रथम वाचताना नवल वाटते. परंतु विचारांती ते योग्यच म्हणावे लागते, कारण २१ दिवसांत हातावेगळी करावी अशी सूचना क्वचितच असते. लोकांच्या कल्पना व मते यांसाठी मायगव्ह हे वेगळे व्यासपीठ २६ जुलै २०१४ रोजी सुरू करण्यात आले आणि तेथे एकाने लिहिलेले दुसऱ्यास वाचता येते. तक्रारीस बंद लिफाफा हवा, सूचनेस उघडी चावडी हवी. आपण बहुतेक वेळा दोहोंना एकाच पेटीत कोंबतो, आणि मग तक्रारीची गुप्तता राहत नाही व सूचनेची चर्चा होत नाही.

चर्चा झाल्याने नेमके काय साधते, याचा प्रत्यय त्या अकरा कागदांनीच आणून दिला.

ते कार्यालय सामाजिक साहाय्य घेणाऱ्या वृद्धांच्या व विधवांच्या हयातीच्या दाखल्यांचे काम पाही. कार्यालयप्रमुख सरळ मनाचे गृहस्थ होते. अकरांपैकी सातजणांची मागणी रविवारची, तेव्हा रविवार सुरू करावा, असे त्यांनी ठरविले. दोन कर्मचाऱ्यांची पाळी लावावयाची, त्यांना बदली सुटी द्यावयाची, आणि ‘आता रविवारीही आपल्या सेवेत’ अशा मथळ्याची जाहीर सूचना प्रसृत करावयाची. मथळा प्रस्तुत लेखकाचा होता व तो त्याला आवडलाही होता. त्या कार्यालयातील एक ज्येष्ठ हेडक्लार्क बाई मात्र म्हणाल्या, की एवढे करण्याआधी बाहेर बसलेल्यांना एकदा विचारून तरी पाहू या.

पुढच्या मंगळवारी व्हरांड्यात बाकडी मांडण्यात आली. पंधरा-वीस बायका व काही वृद्ध पुरुष जमले. कार्यालयप्रमुखांनी विचारले, “रविवारी खिडकी उघडली तर तुमची सोय होईल ना?” सर्वांनी माना डोलावल्या. साहेबाने ‘ना?’ म्हणून विचारले की होय म्हणावे, ही आपल्याकडील रीत जुनी आहे. तेव्हा हेडक्लार्क बाईंनी प्रश्नच बदलला. त्या म्हणाल्या, “मागच्या खेपेस तुम्ही इथे आलात तेव्हा घरातून निघाल्यापासून काय काय झाले, तेवढे सांगा बघू.”

आणि मग घाटाच्या पायथ्याच्या एका गावातील बाई बोलू लागली. सकाळची बस तिला येथे पाऊण वाजता आणून सोडते. रांगेत ती उभी राहते न राहते तोच एक वाजतो व जेवणाच्या सुटीसाठी खिडकी बंद होते. खिडकी पुन्हा उघडते दोन वाजता, आणि दोन वाजताच परतीची बस सुटते. ती चुकली तर मग थेट संध्याकाळची. काजूचे दिवस होते. बागेत बोंडे वेचावयास गेले तर रोज सुटतो, येथे आले तर बुडतो, आणि काम न होता परत गेले तर दुसऱ्या दिवशीही बुडतो. रविवारी निदान रोज तरी बुडणार नाही, म्हणून तिने कोणाकडून तरी ती चिठ्ठी लिहवून घेतली होती. तिचे बोलणे संपताच त्याच बाजूच्या गावातील दुसरी एक वृद्धा म्हणाली, “अगो, पण रविवारी आपली बस कुठे असते?”

क्षणभर कोणी काही बोलले नाही, आणि मग सगळा व्हरांडा हसू लागला. ती बाईही हसली. त्या मार्गावर रविवारी दुपारची फेरीच नव्हती. सात कागदांवर मागितलेली सोय दिली असती, तर ती मागणाऱ्यांपैकी निम्म्याजणींना त्या सोयीपर्यंत पोचता आले नसते. त्यांना हवे होते ते एवढेच, की एक ते दोन या वेळेत खिडकी बंद असू नये. दोन लिपिकांनी आळीपाळीने जेवावे, असे त्याच दुपारी ठरले. त्यास ना मंजुरी लागली, ना निधी. रविवारच्या जाहीर सूचनेचा मसुदा फाडून टाकण्यात आला; मथळ्याबद्दल थोडे वाईट वाटले.

या प्रसंगाचे थोडे पृथक्करण करणे अवश्य आहे. सेवा घेणाऱ्यास आपली अडचण जगात सर्वांत अधिक कळते. तिच्यावरचा उपाय मात्र त्याला कळेलच असे नाही, कारण कार्यालयाच्या आत काय चालते हे त्याने पाहिलेले नसते. पण शासनाकडे अडचण घेऊन गेले तर ऐकून घेतले जात नाही, नेमकी मागणी लिहून न्यावी लागते, हे आपणच त्याला वर्षानुवर्षे शिकविले आहे. म्हणून तो अडचण घरी ठेवतो आणि उपाय लिहून पाठवितो. पेटीत पडतो तो हा उपाय. संकेतस्थळाच्या बाबतीतही हेच घडते. ‘छायाचित्र जोडण्याची मर्यादा वाढवा’ अशी मागणी आली तर वाढवावयाची ती मर्यादाच असेल असे नव्हे. मोबाइलने काढलेले मोठे छायाचित्र संकेतस्थळाने स्वतःहून लहान करून घ्यावे, एवढेच कदाचित पुरेसे असेल. ‘अर्ज पुन्हा भरावा लागतो’ हे ऐकल्यावर ‘किती रकाने कमी करू?’ असे विचारण्याऐवजी ‘भरताना कुठे थांबलात?’ असे विचारले तर कळते, की मध्येच वीज गेली होती आणि अर्धा भरलेला अर्ज जपून ठेवण्याची सोयच नव्हती. पेटी प्रतिप्रश्न करू शकत नाही. शिवाय त्या दुसऱ्या वृद्धेचे वाक्य पेटीत कधीच पडले नसते, कारण पहिलीची चिठ्ठी तिने वाचलेलीच नसती.

चावडीची ही रीत गोमंतकास परकी नव्हे. आपल्या गांवकरी संस्थांच्या चालीरीती १५२६ मध्ये अफोंसो मेशिया याच्या सनदेत लिपिबद्ध झाल्या, तेव्हाही त्या संस्था जुन्याच होत्या. गांवकरांची सभा भरे, शेतीची, बांधांची, पाण्याची व्यवस्था बोलून ठरे, आणि जे ठरे ते गांवकरीचा कुळकर्णी वहीत नोंदवी. या शेवटच्या माणसाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. परंतु कुळकर्णी नसेल तर चावडीवरचे बोलणे वाऱ्यावर जाते, आणि सहा महिन्यांनी तेच लोक तेच बोलतात. गांवकरीच्या रीतीतील उणीवही सांगितली पाहिजे. सभेत बसण्याचा अधिकार पुरुषवंशाने चालत आलेल्या गांवकरांचा. बायका आणि गांवकर कुळाबाहेरचे रहिवासी यांना तेथे तोंड नव्हते. बांध फुटला तर खारे पाणी मात्र सर्वांच्याच दारात येई. चावडीवर जे दिसतात तेच गाव, असे समजण्याचा मोह म्हणूनच आवरावा लागतो. याकडे पुन्हा यावयाचे आहे.

आजच्या काळातील एक मोठी चावडी मराठी वाचकास ठाऊक असेल. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे आणि तेथील सदस्यांच्या सार्वजनिक चर्चेच्या जागेस ‘चावडी’ हेच नाव देण्यात आले आहे. नाव देणाऱ्याची निवड अचूक म्हणावी लागेल. परंतु येथे सांगावयाची हकीकत सर्व भाषांतील विकिपीडियांची मिळून आहे. विकिमीडिया फाउंडेशनचा एक लहानसा तांत्रिक चमू आहे. लेखन-संपादन करणाऱ्या स्वयंसेवकांना कोणत्या सोयी हव्यात हे त्यांनाच विचारावे, असे त्याने २०१५ च्या अखेरीस ठरविले. प्रथम ठराविक मुदतीत मागण्या मागविल्या, त्यांवर उघड चर्चा होऊ दिली, सारख्या मागण्या एकत्र केल्या, आणि मग मतदान घेतले. पहिल्या वर्षी १०७ मागण्या आल्या व ६३४ जणांनी भाग घेतला. चमूने आधीच सांगून ठेवले होते, की पहिल्या दहा मागण्यांचा आम्ही अभ्यास करू व प्रत्येकीचे काय झाले ते कळवू. ‘सर्व मागण्या पूर्ण करू’ असे तो म्हणाला नव्हता, हे लक्षात घ्यावे.

पहिल्या क्रमांकावर आलेली मागणी कोणत्या झगझगीत सोयीची नव्हती. लेखांत आधारादाखल दिलेले संकेतस्थळांचे दुवे काळाच्या ओघात मरतात, ती पाने नाहीशी होतात. अशा मृत दुव्यांच्या जागी त्या पानांच्या जतन करून ठेवलेल्या प्रती जोडाव्यात, अशी ती मागणी होती. रोज काम करणाऱ्या माणसाला काय टोचते ते बाहेरून दिसत नाही, ते असे. तिसऱ्या क्रमांकाची मागणी मात्र या चमूच्या हातून पूर्ण झाली नाही. सर्व भाषांना लागणारे साचे एकाच ठिकाणी ठेवावेत, असे तिचे स्वरूप होते. काम त्याच्या आवाक्याबाहेरचे होते, आणि ही गोष्ट लपविण्यात आली नाही.

पुढील वर्षांत मागणीचा जो नमुना वापरला गेला तो आपल्या खात्यांनी मुद्दाम अभ्यासावा असा आहे. त्यात आधी विचारलेले असे : तुम्हांला सोडवावयाची अडचण कोणती? ती कोणाकोणाला जाणवते? तूर्त तुम्ही तिच्यातून वाट कशी काढता? आणि सुचवावयाचा उपाय कोणता, हा प्रश्न या तिहींच्या नंतर. आमच्या हेडक्लार्क बाईंनी हा नमुना पाहिलेला असण्याचा मुळीच संभव नाही. तिसरा प्रश्न विशेष मोलाचा आहे. माणसे अडचणीतून वाट काढतच असतात. शेजारच्या मुलाकडून अर्ज भरून घेतात, दुकानदाराचा मोबाइल क्रमांक आपला म्हणून देतात, आणि मग खात्यास वाटते की सारे सुरळीत चालले आहे. या वाटा कळल्या की सेवेतील खड्डे कोठे आहेत ते आपोआप कळते.

मतदानाने मागण्यांचा क्रम लावणे दिसावयास न्याय्य असते, पण त्यातही मेख आहे. विकिपीडियाबरोबरच विकिस्रोत, विक्शनरी असे लहान प्रकल्प विकिमीडियाच्या छत्राखाली चालतात. तेथे काम करणारे थोडे, त्यामुळे त्यांच्या मागण्या मतमोजणीत वर्षानुवर्षे मागे राहत. अखेरीस २०२० चा कौल विकिपीडिया सोडून केवळ या लहान प्रकल्पांसाठी राखून ठेवण्यात आला. त्यानंतर २०२४ च्या जुलैपासून तर वार्षिक मतदानाची रीतच सोडून, मागण्या वर्षभर स्वीकाराव्यात आणि एका जातीच्या मागण्या एकत्र बांधून त्यांमागील मोठा प्रश्न हाती घ्यावा, अशी पद्धत आणली गेली. मते मोजणे सोपे असते. गरज तोलावी लागते. दृष्टिहीन अर्जदार शंभरांत एक असेल. त्याच्या वाचनयंत्राला अर्जातील एखादी कळ ओळखू येत नसेल तर त्याच्या मागणीस एकच मत पडेल, आणि तरीही ती यादीत सर्वांत वर जावयास हवी.

संख्येवरून आणखी एक प्रसंग आठवतो. संगणकाच्या आज्ञावली लिहिणारे लोक आपले काम गिटहब या संकेतस्थळावर ठेवतात, आणि वापरणारे तेथेच दोष व मागण्या नोंदवितात. जानेवारी २०१६ मध्ये अनेक आज्ञावलींच्या सांभाळकर्त्यांनी मिळून गिटहबलाच एक उघड पत्र लिहिले. त्यांचे गाऱ्हाणे दोन गोष्टींविषयी विशेष होते. दोष नोंदविणारे आवश्यक माहिती देत नाहीत, ही एक. आणि एखादी मागणी आली की तिच्याखाली ‘माझेही तेच’ एवढेच म्हणणाऱ्यांची रांग लागते व त्या गर्दीत कामाचे वाक्य हरवते, ही दुसरी. आपल्याकडे याला ‘मम’ म्हणणे म्हणतात. पूजा एकाने सांगावी व बाकीच्यांनी मम म्हणावे, त्यातला प्रकार. गिटहबने फेब्रुवारीत माहितीचा नमुना ठरवून देण्याची सोय केली, आणि मार्चमध्ये, शब्द न लिहिता केवळ खूण करून अनुमोदन देण्याची. अनुमोदन मोजले जावे पण त्याने चर्चा बुडू नये, हा त्यातील बेत. आपल्या सभांतही हे सहज करता येते. हात वर करवून मोजावे, आणि मग ‘ज्यांना वेगळे काही सांगावयाचे आहे त्यांनीच बोलावे’ असे म्हणावे.

सूचना मागविताना लोकांसमोर काय ठेवावे, हाही विचार महत्त्वाचा आहे. ‘आमच्या सेवेविषयी आपले मत कळवा’ असे विचारले तर ‘सेवा चांगली आहे’ किंवा ‘सेवा वाईट आहे’ असे उत्तर येते, आणि ही दोन्ही उत्तरे सारखीच निरुपयोगी. गोव्यात २०११ सालासाठीची प्रादेशिक योजना जनआंदोलनानंतर २००७ मध्ये मागे घेतली गेली. पुढे २०२१ सालासाठीच्या योजनेचा मसुदा २००८ मध्ये जाहीर झाल्यावर त्यावर गावपातळीपर्यंत सूचना मागविण्यात आल्या. गावाचा नकाशा पुढ्यात आला की बोलण्याची जातच बदलते. येथे झर आहे, तो नकाशात नाही. हे खाजन आहे, ते पडीक दाखविले आहे. ही वाट स्मशानाकडे जाते. ‘पर्यावरण राखावे’ असे ढोबळ बोलणारा माणूस नकाशावर बोट ठेवून हातभर अंतरासाठी भांडतो, आणि ते भांडण उपयोगाचे असते. ती योजना २०१२ मध्ये स्थगित ठेवण्यात आली व तिच्याभोवतीचा वाद त्यानंतरही शमला नाही. तो येथील विषय नव्हे. अर्जाचा नवा नमुना तयार होत असेल तर तो कच्चाच लोकांच्या हाती द्यावा, एवढे मात्र त्यातून घेण्याजोगे आहे. छापून झालेल्या, गुळगुळीत कागदावरच्या नमुन्यावर सूचना करावयास माणूस संकोचतो. पेन्सिलीने लिहिलेल्या नमुन्यावर तो खुशाल रेघ मारतो.

आता चावडीवर न येणाऱ्यांविषयी. संकेतस्थळावरील चर्चेत जो लिहितो त्याच्याकडे मोबाइल असतो, लिहिण्याची सवय असते आणि आपले म्हणणे कोणी ऐकेल असा विश्वासही असतो. तिहींपैकी एक नसलेला माणूस तेथे उमटत नाही. गोव्यात भाषेचा व लिपीचा प्रश्नही आहे. देवनागरी मराठी, देवनागरी कोंकणी, रोमी कोंकणी आणि इंग्रजी या चारांपैकी कोणत्याही प्रकारे लिहिलेली सूचना सारख्याच मानाने नोंदली गेली पाहिजे, आणि नोंद करताना लिहिणाऱ्याचे मूळ शब्द ठेवूनच तिचा गोषवारा करावा. खिडकीवरील कर्मचारी, बसथांब्याजवळ अर्ज भरून देणारा, पंचायतीचा सचिव, यांच्या कानांवर रोज जे पडते ते त्यांनी आठवड्यातून एकदा त्याच वहीत उतरवावे. प्रस्तुत लेखकाचा अनुभव असा, की या मार्गाने आलेल्या नोंदी संख्येने थोड्या पण वजनाने भारी असतात.

आता उत्तरांविषयी, आणि येथे स्वतःची चूक सांगणे भाग आहे. व्हरांड्यातील त्या पहिल्या बैठकीत जेवणाच्या वेळेखेरीज आणखी तेरा गोष्टी निघाल्या होत्या. त्या सर्व प्रस्तुत लेखकाने टिपून घेतल्या, त्यांचे नीट टंकलिखित करविले, धारिका उघडली आणि ती वर पाठविली. वृत्तपत्रांसाठी एक निवेदनही काढले : ‘नागरिकांनी केलेल्या सूचनांचा सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात येत आहे.’ खिडकी आता दुपारी बंद होत नाही, हेसुद्धा कोणास सांगितले नाही. येतील तेव्हा कळेलच, असे वाटले. सहा महिन्यांनी दुसरी बैठक बोलावली. बाकडी तेवढीच मांडली होती, माणसे पाच आली. विषय मांडून झाल्यावर एक म्हातारे गृहस्थ उठून म्हणाले, “साहेब, गेल्या खेपेस सांगितले त्याचे काय झाले, ते आधी सांगा. मग पुढचे बोलू.” धारिका कोठवर गेली आहे हे त्या क्षणी प्रस्तुत लेखकास ठाऊक नव्हते. बैठक तेथेच संपली. त्या बाजूच्या बायकांपैकी कित्येकजणी दुपारी खिडकी बंदच असते असे धरून सहा महिने चालल्या होत्या, हेही त्याच दिवशी कळले.

‘सहानुभूतीपूर्वक विचार’ या शब्दांत उत्तर नसते. उत्तर तीनच प्रकारचे असू शकते : केले, करणार नाही, कारण अमुक, किंवा अद्याप ठरले नाही, अमुक तारखेस सांगू. यांपैकी दुसरे देण्यास आपण फार कचरतो. ‘नाही’ म्हटले तर लोक रागावतील असे वाटते. लोक रागावतात हे खरे, पण पुढच्या बैठकीस येतात. मौन मिळाले तर ते रागावत नाहीत आणि येतही नाहीत. केंद्र शासनाच्या २०१४ च्या विधिपूर्व विचारविनिमय धोरणात, कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा एवढेच सांगून भागविलेले नाही. आलेल्या अभिप्रायांचा गोषवाराही संकेतस्थळावर ठेवावा असे म्हटले आहे. हे उत्तरार्धाचे कलम आपल्या लहानसहान सेवांनाही लागू करावयास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

त्यानंतर त्या कार्यालयात एक साधी मोठी वही व्हरांड्यातील टेबलावर ठेवण्यात आली, कुलपाविना. डाव्या पानावर सूचना, मूळ शब्दांत, तारखेसह. उजव्या पानावर उत्तर, तारखेसह व उत्तर देणाऱ्याच्या हुद्द्यासह. एकच सूचना पुन्हा आली तर नवी नोंद करावयाची नाही, आधीच्या नोंदीपुढे एक उभी रेघ ओढावयाची. वहीची पाने दर महिन्यास छायाचित्रे काढून कार्यालयाच्या संकेतस्थळावर चढविली जातात, म्हणजे बाहेरगावी असलेल्या मुलांनाही आईच्या सूचनेचे काय झाले ते वाचता येते. प्रथम कर्मचाऱ्यांस धास्ती वाटली, की यात शिव्या लिहिल्या जातील. पहिल्या महिन्यात तशा दोन नोंदी झाल्याही. त्यांपुढे ‘नोंद घेतली. अडचण कोणती ते कळवावे.’ असे हेडक्लार्क बाईंनी शांतपणे लिहून ठेवले. त्यांपैकी एकाने खरोखरच पुढच्या आठवड्यात येऊन अडचण लिहिली.

पहिल्या बैठकीतील चौदा गोष्टी या वहीच्या आरंभी उतरविलेल्या आहेत. त्यांपैकी सहांपुढे ‘केले’ आहे. पाचांपुढे कारणासह नकार आहे. त्यांत रविवारचाही आहे आणि त्यापुढे कोणीतरी ‘बस सुरू झाल्यास पुन्हा विचारू’ असे पेन्सिलीने लिहिले आहे. दोन गोष्टी वरिष्ठ कार्यालयाच्या अखत्यारीत आहेत आणि त्यांपुढील तारीख आतापर्यंत तीनदा पुढे ढकलावी लागली. तिन्ही तारखा खोडून, पण वाचता येतील अशा ठेवल्या आहेत. चौदावी खिडकीच्या उंचीविषयी आहे. बुटक्या म्हाताऱ्यांचे हात पोचत नाहीत, अशी ती नोंद असून तिच्यापुढे बावीस रेघा झाल्या आहेत. भिंत फोडण्याच्या खर्चाचा अंदाज मागविलेला आहे. तूर्त सुताराकडून एक लाकडी पायरी करून घेऊन खिडकीखाली ठेवली आहे.